धाकटीची माणसं

"दांडे कुठल्या बाजूला? तोंडाने नको, बोटांनी दाखवा."

खुर्चीतल्या ट्रक ड्रायव्हरने तीन बोटं पसरून हात वर केला, मग खाली केला, मग माशी हाकलावी तसा हवेतच हलवला. समोर भिंतीवर तक्ता होता. त्यावर तीन दांड्यांची एकच काळी खूण, कुठे वर तोंड करून, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, आणि ओळीगणिक बारीक होत गेलेली.

"दिसत नाही हो बाई. धुकं आहे नुसतं."

"अंदाजाने सांगा."

"खाली?"

"मला काय विचारता? तुमचा डोळा, तुम्ही सांगा."

"खालीच मग."

बरोबर होतं. थोरलीने कागदावर खूण केली. आणखी एक ओळ झाली, तिथे मात्र ड्रायव्हर अडला तो अडलाच. त्याने स्वतःहून नाही म्हणून मान हलवली, तेव्हा तिने दिवा बंद केला. ड्रायव्हर उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"बाई, त्या दुसऱ्या बाई नाहीत का आज? त्या हसऱ्या?"

"कोण हसऱ्या?"

"आतल्या हो. काय गोड बाई! डोकं धरून बसल्या होत्या माझं. मी एवढा गाडीवाला गडी, पार रडकुंडीला आलो होतो, पण त्यांनी असं काही हसवलं..." आणि एकदम त्याने जीभ चावली. "म्हणजे मी काही बोललो नाही हां. बोलायचं नाही म्हणून सांगितलंय आम्हाला."

"मग बोलू नका," थोरली म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. हाक नेहमीपेक्षा जरा मोठीच झाली.

इस्पितळात तिला सगळे तक्तेवाल्या बाई म्हणत. घरी ती थोरली. आणि ती हसरी, गोड, डोकं धरून बसणारी म्हणजे तिची पाठची सख्खी बहीण, धाकटी. त्याच इस्पितळात, त्याच मजल्यावर, चार दारं सोडून पिवळ्या थेंबांच्या खोलीत. सगळ्या पोटदुखीचं मूळ त्या खोलीत होतं.

आता ही खोली काय, ते सांगायला हवं. बुबुळावर जखम होऊन तिच्यात बुरशी शिरली की डोळ्याचं काही खरं नसतं. काडी लागते, भुसा उडतो, धान्याचं कुसळ जातं. माणूस डोळा चोळतो, पाण्याचे हबके मारतो, आज बरं वाटेल, उद्या वाटेल म्हणत बसतो, आणि इस्पितळात येतो तेव्हा बुबुळावर पांढरं उमटलेलं असतं. मग तासातासाला औषधाचे थेंब, आठवडेच्या आठवडे. जखम भरली तरी मागे फूल पडतं, आणि फुलाआडून जग दिसतं ते ड्रायव्हरला दिसलं तसं, धुक्यातलं. तर इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी एक नवा उपाय पडताळून पाहायला घेतला होता. बुबुळावरचा सायीसारखा पातळ थर हलकेच खरवडायचा, पिवळ्या जीवनसत्त्वाचे थेंब घालत राहायचं, ते मुरले की वरून जांभळट उजेड सोडायचा. त्याने बुबुळ घट्ट होतं आणि जंतूही मरतात, असं म्हणणं होतं. ते म्हणणं खरं की नुसतंच म्हणणं, तेवढं बघायचं होतं. म्हणून निम्म्या पेशंटांना नेहमीचे थेंब आणि निम्म्यांना थेंब अधिक उजेड. कोणाच्या वाट्याला काय, ते संगणक चिठ्ठी टाकून ठरवायचा.

आणि नजर मोजणाऱ्याला त्यातलं काही म्हणजे काही कळता कामा नये. नाहीतर ज्याला उजेड मिळाला त्याच्याकडून दोन खुणा जास्त वदवून घेण्याचा मोह कोणालाही होईल. माणूसच तो.

"म्हणजे डोळ्यांच्या इस्पितळात मी आंधळी," थोरली मॅडमना म्हणाली होती.

"तुम्ही आंधळ्या राहाल तरच बाकीचं सगळं खरं," मॅडम म्हणाल्या. "मला या कामाला दुसरं कोणी नको. तुम्ही मोजलंत म्हणजे मोजलं."

हा मान होता. पण थोरलीला तो मानासारखा लागला नाही. तिला ती खोली हवी होती. नवं मशीन, नवा हिरवा कोट, बाहेरगावच्या डॉक्टरांना समजावून सांगायचं काम. इतकी वर्षं तक्त्यासमोर घालवल्यावर एकदा तरी दुसऱ्या दाराने आत जायला मिळेल, असं तिने मनात धरलं होतं. आणि मिळालं कोणाला, तर काल आलेल्या धाकटीला! तिला इस्पितळात चिकटवलं कोणी? थोरलीने. रुग्णसेवेचा अभ्यास अर्धवट टाकून घरी कोण बसलं? थोरली. आई गेल्यावर धाकटीच्या वेण्या कोणी घातल्या? थोरलीने. धाकटीचा जन्मच आयत्या ताटावर बसण्यासाठी झाला असावा. बरं, ती वाईट असती तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

शिवाय उजेडाने गुण आला असं ठरलं, तर ती खोली कायमची होणार आणि धाकटीची नोकरीही पक्की, हे मॅडमनीच सांगितलं होतं. नाही आला, तर मशीन परत जाणार आणि धाकटी पुन्हा बदली कामावर, आज या वॉर्डात तर उद्या त्या. सगळं पारडं नजरेच्या मापावर तोललेलं, आणि माप थोरलीच्या हातात.

घरी तर वेगळाच मासला. दोघी एकाच घरात. थोरलीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरलेला वेळ बायको-मेहुणीची गंमत बघण्यात घालवायचा. इस्पितळाचा नियम असा की पेशंटबद्दल दोघींनी घरीही एक अक्षर बोलायचं नाही. धाकटीच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे. शाळेत कोणी कोणाची पेन्सिल चोरली, हेसुद्धा तिने घरी आल्याआल्या सांगितलेलं. आणि आता जेवताना थोरलीने सहज म्हणून विचारलं, "आज फार गर्दी होती का गं तुझ्याकडे?" तर ही गालात हसून म्हणायची, "ताई, नियम!"

"बघा," नवरा म्हणायचा, "एका ताटात जेवायचं आणि ओळख दाखवायची नाही. असले हेर मी पाहिले नव्हते."

धाकटी खो खो हसायची. थोरली भांडी आवरायला उठायची. नियम मोडला असता तर तिने धाकटीला झापलं असतं, आणि धाकटी नियम पाळत होती म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. लहानपणापासून धाकटीचं प्रत्येक गुपित आधी तिच्या कानात पडायचं. आता धाकटीजवळ असं काही होतं जे परक्या ड्रायव्हरला ठाऊक होतं आणि तिला नाही. हेवा वाटत होता. चांगला शब्द शोधून उपयोग नाही, हेवाच तो.

पण ड्रायव्हर जाऊन काही दिवस झाले आणि तिच्या लक्षात आलं की आपण आंधळ्या राहिलेलो नाही.

कोणी फितूर नव्हतं. मॅडमनी पेशंटांना पढवून ठेवलं होतं: उजेडाचं नाव काढायचं नाही, मशीनचं काढायचं नाही, थेंबांच्या रंगाचं काढायचं नाही. पेशंट बिचारे इमानेइतबारे पाळायचे. पण ज्याला उजेड मिळायचा तो चांगला तासभर धाकटीच्या हाताखाली पडून असायचा. डोळा ताणून उघडा ठेवलेला, वरून टपटप थेंब, मग तो उजेड, आणि हलायचं नाही. तेवढा वेळ धाकटी बोलत राहायची. ज्यांना नुसते थेंब, त्यांनी धाकटीचं तोंडही पाहिलेलं नसायचं. त्यामुळे तक्त्यासमोर बसून जो विचारायचा, "त्या हसऱ्या बाई कुठायत?" तो उजेडवाला. जो काहीच विचारायचा नाही तो नुसता थेंबवाला. इतकं सोपं! सगळ्यांनी सगळ्या फटी बुजवल्या होत्या आणि धाकटी काय चीज आहे तेवढं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

हे तिने मॅडमना लगेच सांगायला हवं होतं. उद्या सांगू, म्हणाली. उद्या मॅडम गावाला गेलेल्या. परवा शिवणकाम करणारी एक मुलगी आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "इथे एक बाई आहेत ना, त्यांच्यासारखं कोणी बोलतच नाही हो माझ्याशी. माझी आईपण नाही." थोरलीने तिला बसवलं. मुलीने सुरुवातीच्या ओळी भराभर वाचल्या. मग अडखळली.

तक्त्याची एक रीत असते. पेशंट अडला की एकदा, फक्त एकदाच म्हणायचं, "अंदाजाने सांगा." आणि थांबायचं. तो नाही म्हणेपर्यंत थांबायचं. थोरलीची ख्याती ती थांबण्याची. तिच्यासमोर म्हातारीकोतारी माणसं पापण्या ओढून, मान वाकडी करून, देवाचं नाव घेऊन एकेक खूण काढायची आणि ती पुतळ्यासारखी उभी असायची. त्या थांबण्यात पुष्कळ खुणा सापडतात. धुकं जरा हलतं आणि माणसाला दिसतं.

"अंदाजाने सांगा नाही ना दिसत बरं झालं," थोरली एका दमात म्हणाली आणि दिवा बंद केला.

मुलगी गोंधळली, पण उठली. तक्तेवाल्या बाईंना उलट कोण बोलणार?

थोरली कागदाकडे बघत बसली. एक खूण. फार तर दोन. एका खुणेने काय आभाळ कोसळतं? तिच्यानंतर एक गवंडी आला, कोणाबद्दलच काही न विचारणारा, घुम्या. त्याच्यासमोर ती इतका वेळ थांबली की तोच कंटाळून म्हणाला, "बाई, जाऊ का आता?"

तिने ठरवून केलं का? पहिल्या वेळी नाही. मागाहून केलं ते मात्र कळून केलं. धाकटीची माणसं आली की तिचं मनगटच आखडायचं. हसऱ्या बाई, गोड बाई, देवमाणूस! घ्या मग. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं तिला जो तो पिवळ्या थेंबांच्या खोलीतून आल्यासारखा वाटायला लागला. घरी धाकटीने नव्या हिरव्या कोटाला इस्त्री करायला घेतली की ती म्हणायची, "वीजबिल कोण भरतं?" धाकटी मुकाट्याने इस्त्री बंद करायची. मग थोरलीलाच वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग यायचा.

"बाई गं, तुला झालंय काय?" एकदा नवरा म्हणाला. "तिने तुझं काय घोडं मारलंय?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"नको कळायला. पण सुंभ जळला तरी तुझा पीळ जात नाही, एवढं मला लग्न झाल्यापासून माहीत आहे."

त्याच सुमारास दोर वळणारी बाई आली. उन्हाने रापलेली, हाडापेराने मजबूत, तळव्यांना घट्टे पडलेली. दोर वळताना वाखाच्या तंतूचं टोक उसळून डोळ्यात गेलेलं. उजव्या बुबुळावर करड्या रंगाचं फूल. दुसरा डोळा लहानपणीच गेलेला, म्हणजे जे काही आहे ते याच डोळ्यात. ती खुर्चीत ताठ बसली, ओढणी सारखी केली आणि कोणाचीही चौकशी केली नाही. थोरलीला बरं वाटलं. थेंबवाली दिसतेय.

वरच्या मोठ्या खुणा तिने दाखवल्या. बोटं पसरायची तिची पद्धत ठसठशीत होती, दोराचे पदर धरल्यासारखी. मधल्या ओळीला ती थबकली.

"अंदाजाने सांगा," थोरली म्हणाली आणि थांबली.

बाईने मान पुढे काढली. डोळ्यातून पाणी ओघळलं ते पुसलं. "ही... डावीकडे." बरोबर. "ही वर." बरोबर. मग ती समाधानाने मागे टेकली आणि म्हणाली, "खरंच सांगितलं होतं की तिने."

"कोणी?"

"नाव नाही घेत. मला बजावलंय." बाईने तोंडावर हात ठेवला, पण डोळा हसत होता. "आत एक मुलगी आहे बघा, लई बडबडी. माझं डोकं धरून बसली होती."

थोरलीचं मनगट आखडलं. तक्त्यावर अजून ओळी बाकी होत्या. तिने हात दिव्याच्या बटणाकडे नेला.

"दिसतंय का पुढचं? नाही ना? झालं तर."

"अगं बाई, थांबा की!" दोरवाली म्हणाली. "एवढ्यात काय झालं? तिने तर सांगितलं होतं तुम्ही घाई करत नाही."

"मी?"

"तुम्हीच ना तिच्या ताई? तोंडावळा तोच की. ती म्हणाली, मावशी, घाबरू नका, बाहेर माझी ताई बसते. कडक आहे, बोलायला फटकळ आहे, पण ती कोणाला घाई करत नाही. म्हणाली, मी लहान असताना मला बुटाची नाडी बांधता यायची नाही. शाळेची घंटा व्हायची, सगळी पोरं निघून जायची, पण ताई दारात उभी. बांधून द्यायची नाही आणि ओरडायचीपण नाही. तूच बांध म्हणायची, मी आहे. रोज उशीर व्हायचा म्हणे दोघींना, आणि छडी ताई खायची." बाईने घसा खाकरला. "म्हणून तर मी बिनघोर आले. नाहीतर माझा हा एकच डोळा, त्याची परीक्षा म्हटल्यावर रात्रभर झोप लागली नसती मला."

थोरलीचा हात बटणावरच होता. तिला ती छडी आठवली. ती विसरली नव्हती, पण आठवताना नेहमी धाकटीमुळे खावी लागली असंच आठवायची. हे दुसरंही होतं, तिचं दारात उभं राहून वाट बघणं, आणि ते धाकटी ज्याचं डोकं हातात धरेल त्याला सांगत सुटली होती. ड्रायव्हरला सांगितलं असेल. त्या शिवणाऱ्या मुलीलाही सांगितलं असेल, आणि ती मुलगी त्या भरवशावर खुर्चीत येऊन बसली असेल.

"दाखवा," ती म्हणाली. तिने बटणावरून हात काढला. "दाखवा मावशी. मी थांबते."

बाईने पुढच्या ओळीतल्या दोन खुणा काढल्या आणि तिसरीला हसत नाही म्हणाली. थोरलीने तिला दारापर्यंत सोडलं. बाहेर रांग होती. तिने रांगेला बसून राहायला सांगितलं आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, मला या कामावरून काढा. उजेड कोणाला मिळालाय ते मला कळतं."

मॅडमनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ते माझ्या बहिणीचं कौतुक करतात."

मॅडमना आधी हसू आलं. मग त्यांना अर्थ लागला आणि हसू मावळलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "हे कसं सुचलं नाही मला?" मग म्हणाल्या, "ठीक आहे. कळलं तर कळलं. पण त्याने मापात फरक पडला नाही ना? तुम्ही आहात म्हणून विचारते."

इथे ‘नाही’ म्हणता आलं असतं. मॅडम ‘नाही’ ऐकायलाच बसल्या होत्या.

"पडला," थोरली म्हणाली. "मी पाडला. तिच्या माणसांना मी घाई केली. आधी नकळत, मग कळून."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग बोलल्या त्या हळू बोलल्या, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढ्या लोकांनी स्वतःचा डोळा आपल्या हवाली केला तो कशासाठी, हे त्यांनी विचारलं. मधल्या काळातली सगळी मापं रद्द झाली. शेवटची मापं अजून व्हायची होती, ती दुसऱ्या इस्पितळातून माणूस आणून घ्यायची ठरली, आणि यापुढे उजेडाच्या खोलीत कोणी पेशंटशी कामापलीकडे बोलायचं नाही, असा नवा नियम निघाला. थोरलीची रवानगी खालच्या मजल्यावर, चष्म्याचा नंबर काढायला.

घरी सांगणं बाकी होतं. तिने जेवणाआधीच सांगितलं, कारण जेवण गेलं नसतं. धाकटीला आधी थट्टाच वाटली. "काहीतरीच काय ताई," म्हणून ती हसलीसुद्धा. मग तिने भावजींकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

"माझ्या माणसांना?" ती म्हणाली. "ती दोरवाली मावशी?"

"तिला नाही. तिच्याआधीच्यांना."

"माझं कौतुक करत होते म्हणून?"

"हो."

"अगं, मग भांडायचंस ना माझ्याशी! झिंज्या उपटायच्यास माझ्या. त्यांनी काय केलं होतं? त्यांना आधीच दिसत नाही गं ताई."

धाकटी उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. तिने कडी लावली नाही, पण थोरलीची ते दार ढकलायची छाती झाली नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते दोघींनाच माहीत. धाकटी बोलायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची, मीठ पुढे सरकवायची. नियम आता उरला नव्हता, थोरलीला काहीही सांगायला मोकळीक होती. धाकटी सांगायची नाही. नवऱ्याने एकदोनदा हेरांचा विनोद करून पाहिला आणि सोडून दिला.

नवा मोजणारा माणूस आला. अदबशीर, मोजकं बोलणारा, कामाला चोख. त्याने शेवटची मापं घेतली, आकडेमोड झाली आणि एका दुपारी मॅडमनी सगळ्यांना बोलावून निकाल सांगितला. उजेडाने काही फायदा झाला नव्हता. नुसते थेंब घालणाऱ्यांच्या जखमा जशा भरल्या तशाच यांच्याही भरल्या. उलट नजर पाहिली तर उजेडवाल्यांचीच किंचित कमी भरत होती.

"वाईट वाटून घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. "हेही कोणीतरी शोधून काढायलाच हवं होतं. आता उगाच कोणाचं बुबुळ आपण खरवडणार नाही."

हे ऐकताना थोरली भिंतीला टेकून उभी होती. वर्षाच्या सुरुवातीला तिला नेमकं हेच हवं होतं. आता ते आयतं समोर आलं होतं आणि तिला पळून जावंसं वाटत होतं. धाकटीने कोणाकडे पाहिलं नाही. सगळे पांगले तशी ती आपल्या खोलीकडे गेली.

थोड्या वेळाने थोरली तिथे गेली. त्या दाराने ती पहिल्यांदाच आत जात होती. खोली लहान होती, तिने मनात केली होती त्याच्या निम्मी. एक पलंग, एक स्टूल, आणि मशीन. धाकटी मशीनचे भाग सुटे करून खोक्यात भरत होती. उद्या ते न्यायला माणसं येणार होती.

"मी धरू?" थोरलीने विचारलं.

"धर."

दोघींनी मिळून वरचा दांडा उतरवला. जड होता. खोक्यात ठेवताना धाकटीचं बोट चेमटलं, तिने ते तोंडात घातलं.

"तुला असंच व्हावं असं वाटत होतं ना?" तिने बोट तोंडातून काढून विचारलं.

"वाटत होतं."

"आता?"

"आता नाही गं."

धाकटीने मान हलवली. स्टुलावर बसून ती वायर गुंडाळायला लागली. वायर लांब होती, बराच वेळ पुरली.

"तो नवीन माणूस चांगला आहे," ती म्हणाली. "मापाला अगदी पक्का आहे, सगळे म्हणतात. मलाही कळतं. निकाल बरोबरच असणार. पण मला काही केल्या पटत नाही बघ. सारखं वाटतं, दोरवाल्या मावशीला त्याने नीट वेळ दिला असेल का? त्या ड्रायव्हरला?" तिने वायरला गाठ मारली. "तू मोजलं असतंस ना ताई, पहिल्यासारखं, आणि तू येऊन म्हणाली असतीस, काही उपयोग झाला नाही गं तुझ्या उजेडाचा, तर मी तिथल्या तिथे मानलं असतं."

थोरलीने खोक्याचं झाकण लावलं. धाकटीने चिकटपट्टी ओढली, थोरलीने दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं, आणि पट्टी नीट बसेपर्यंत दोघी तशाच वाकून उभ्या राहिल्या.